वाफेच्या भेगेपाशी

ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या विवरातून वायूचे नमुने आणायचे, यासाठी मोहीम निघाली होती. स्वयंपाकाचं काम पत्करून ताई तिच्यात शिरली, ती मात्र वेगळ्याच हेतूने. आधीच्या एका मोहिमेत याच डोंगरावर तिचा धाकटा भाऊ गेला होता. "माझं न ऐकता पुढे धावला, कड्यावरून पडला, जागीच गेला," असं त्या मोहिमेच्या म्होरक्याने आईला सांगितलं होतं. पण भावाची शिध्याची पिशवी परतलेल्या म्होरक्याच्याच पाठीवर होती, आणि रिकामी होती! या माणसाला याच डोंगरावर उपाशी टाकायचं, हे ताईने तेव्हाच ठरवलं होतं.

आताही म्होरक्या तोच होता. ताई कुणाची बहीण, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या होत्या भूगर्भशास्त्राच्या मॅडम.

बर्फाचा पट्टा लागला आणि वादळाने गाठलं. अचानक म्होरक्याच्या पायाखालचा बर्फ खचला! तिघांना बांधलेल्या दोराला हिसका बसला. मधल्या मॅडम फरफटत निघाल्या. "ताई, धरा!" त्या ओरडल्या. ताईने कुदळ बर्फात रोवली. सोडून द्यावं? पण मग मॅडमही गेल्या असत्या. दातओठ खाऊन तिने दोर ओढला. म्होरक्या वर आला. पण त्याचा घोटा मोडला होता आणि त्याच्या पाठीवरचा स्टोव्ह शिध्यासकट दरीत गेला होता.

उरली ती भुशात जपून आणलेली अंडी. म्होरक्याने एक कच्चंच घशाखाली उतरवलं, लगेच ओकला. थंडीने त्याचे ओठ निळे पडले होते.

"ताई, इकडे वाफ आहे!" काळ्या खडकाआडून मॅडम ओरडल्या. त्यांनी यंत्र धरून हवा तपासली. विषारी काही नव्हतं.

भेग फुसफुसत होती. ताईने अंडी रुमालात बांधून आत सोडली, वर सपाट दगड ठेवला. बऱ्याच वेळाने एक काढून खडकावर फिरवलं. भोवऱ्यासारखं गरगरलं. शिजलं होतं!

मॅडम खाऊन लवंडल्या. ताई म्होरक्यासमोर बसून सावकाश अंडं सोलू लागली. त्याने हात पुढे केला.

"द्या ना, ताई."

"माझ्या भावाला तू काय दिलं होतंस?"

तिच्या तोंडावळ्यात त्याला तो पोरगा दिसला. मग त्याचा हात खाली गेला.

"पाय मोडला होता त्याचा. जिवंत होता. हाका मारत होता. मी शिधा घेऊन निघालो."

ताईने अंडं मागे घेतलं. याला इथे टाकणं किती सोपं होतं! पण मग हे शब्द इथेच गोठले असते, आणि आई जन्मभर पोरालाच उतावळा म्हणत राहिली असती.

"खा," तिने अंडं त्याच्या हातावर ठेवलं. "मरायचं नाही. खाली येऊन हेच आईला सांगायचं."

उजाडलं तेव्हा माथा हाकेच्या अंतरावर दिसत होता. मॅडमनी एकदा माथ्याकडे पाहिलं आणि नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्या ओझं नको म्हणून तिथेच टाकल्या. दोघींनी म्होरक्याला ओढत, खांद्यावर घेत, शिव्या देत खाली आणलं.

कुबड्या घेऊन तो आईच्या स्वयंपाकघरात उभा राहिला. बोलला. आईच्या हातातली सुरी थांबली.

"हाका कुणाला मारत होता?"

"तुम्हाला."

आईने त्याला बस म्हटलं नाही. ताईने दार लोटून घेतलं.

"आता सगळं सांग," ताई त्याला म्हणाली, "पहिल्या हाकेपासून."