मॅग्नसच्या दारावरची थाप

त्या दिवशी श्रद्धा घरातून निघाली ती एका म्हाताऱ्याला सूप पाजायला. बाकी काही नाही.

ऐका, मधे बोलू नका. कुश, तो फोन उलटा ठेव. श्रद्धा म्हणजे आपल्या वरच्या खोलीत सहा महिने राहून गेली ती, सियाला आठवत असेल. इथे लंडनमध्ये, ईलिंगला येण्याआधी ती शेटलंडला होती. स्कॉटलंड संपतं, मग समुद्र लागतो, आणि त्या समुद्रात पार वरती, जिथून लंडनपेक्षा नॉर्वे जवळ, तिथलं एक बेट. बेटाचं नाव नको, माणसं अजून आहेत तिथे. बाई मूळची नागपूरची, केअर व्हिसावर आलेली. एजन्सीने विचारलं, उत्तरेला जाल का? ही म्हणाली, जाईन. तिला वाटलं उत्तर म्हणजे मँचेस्टर.

बेटावर झाड म्हणून नाही. वारा असा की कचऱ्याचे डबे दोरीने बांधून ठेवतात. एक दुकान, एक जेटी. उन्हाळ्यात रात्र होत नाही आणि हिवाळ्यात दिवस. सकाळी नऊला कसंबसं उजाडायचं आणि तीन वाजता दिवस संपलेला. दिवसाला चार घरं करायची, चार म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, की आपल्या खोलीवर येऊन डाळ-तांदळाचा कुकर लावायचा. मला म्हणायची, "काका, तिथे एकटं नाही वाटत हो. एकटं वाटायला आपण आहोत असं तरी वाटावं लागतं. तिथे माणूस हळूहळू पुसट होत जातो."

आणि तिथली एक रीत होती, ती लक्षात ठेवा. तिथे दार कोणी वाजवत नाही. कुलूप नाही, बेल नाही. येणारा माणूस सरळ स्वयंपाकघरात शिरतो, बूट काढतो, मग हाक मारतो. पहिल्या आठवड्यात ही दार वाजवून उभी राहायची, तर म्हातारे घाबरायचे.

आता तो दिवस. एकवीस डिसेंबर दोन हजार चोवीस, शनिवार. वर्षातला सगळ्यात लहान दिवस.

तिची आई नागपूरला, भाऊ उदय आणि त्याची बायको अर्चना यांच्याकडे. ऑक्टोबरात न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेली. श्रद्धाने रजा मागितली होती, एजन्सी म्हणाली, बदली माणूस नाही, नवीन वर्षात बघू. शेवटी सहा जानेवारीचं तिकीट निघालं. आई रोज फोनवर एकच विचारायची, "थंडी आहे काय वो तिकडे?" आणि ही रोज सांगायची, "नाही गं. हीटर आहे."

त्या शनिवारी वादळाने फेरी बोट बंद होती. दुपारी मोबाइलचं नेटवर्कही गेलं. सव्वातीनला ही गाडी काढून मॅग्नसकडे निघाली. रस्ता जिथे संपतो तिथे अगदी किनाऱ्यावर त्याचं घर. मॅग्नस एक्याण्णव वर्षांचा, डोळ्यांनी अधू, पण कान शाबूत. तिला "शादा" म्हणायचा, श्रद्धा त्याला जमायचं नाही.

तिने सूप गरम केलं, त्याला गोळ्या दिल्या, शेगडीजवळच्या खुर्चीत नीट बसवलं. त्याने विचारलं, "आईचा फोन झाला?"

"नेटवर्क नाही. उद्या करेन."

"हं," तो म्हणाला, आणि चमचा खाली ठेवला.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर मिट्ट काळोख. आणि दारावर थाप पडली. तीन वेळा. सावकाश.

श्रद्धा उठली. वादळात कोणाची तरी गाडी अडकली असणार, असं तिच्या मनात आलं. दाराच्या खिट्टीवर हात ठेवला, तेवढ्यात मागून मॅग्नस म्हणाला, "शादा. इथे दार कोण वाजवतं?"

"कोणी अडकलं असेल."

"अडकलेला माणूस आत येतो."

तिचा हात खिट्टीवरच राहिला.

पुन्हा तीन थापा.

मॅग्नस हळू आवाजात बोलायला लागला. आवाजात भीती नव्हती. थकवा होता. "माझी बायको गेली होती उघडायला. चाळीस वर्षं झाली. तिच्या बहिणीचा आवाज होता. बहीण तेव्हा समुद्रापलीकडे, अबर्डीनला, हॉस्पिटलात."

"मग... आत आलं कोण?"

"आत कोणी येत नाही, पोरी. आपण बाहेर जातो. तिसऱ्या दिवशी सापडली ती. खाली, पाण्याच्या कडेला. अंगात घरातलाच झगा."

श्रद्धाने खिट्टीवरून हात काढला. एक पाऊल मागे आली.

आणि बाहेरून आवाज आला.

"श्रद्धे..."

वारा असेल. वाऱ्यात काय काय ऐकू येतं.

"श्रद्धे, दार उघड नं."

वारा मराठी बोलत नाही.

ती तिथेच, दारापासून दोन हातांवर, खाली बसली. मॅग्नस खुर्चीतून उठला. गेल्या वर्षभरात तो आधाराशिवाय उठला नव्हता. भिंत धरत आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. पकड सुटत नव्हती.

"माझ्या आईचा आवाज आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"ती नागपूरला आहे. तिला चालता येत नाही."

"माहीत आहे, शादा."

"थंडी वाजून राहिली वो..."

थाप. आता डोक्याच्या उंचीवर नाही. कमरेच्या.

श्रद्धाने दोन्ही कानांवर हात घट्ट धरले. तरी ऐकू येत होतं. मग तिने हात काढले. आईचा आवाज ऐकायचा नाही, हे तिला जमेना.

"किती वेळ झाला... उघड नं..."

थाप. आणखी खाली. गुडघ्याच्या.

"आई," ती म्हणाली. एवढंच.

बाहेरही शांत. जणू कोणी कान देऊन ऐकत होतं.

मग... अगदी खाली... उंबऱ्यापाशी...

एकदाच.

त्यानंतर काही नाही. वारासुद्धा नाही.

साडेचार वाजले होते.

रात्रभर दोघं तिथेच बसून राहिली. तिने त्याला ब्लँकेट पांघरलं, त्याने अर्धं तिला दिलं. नऊ वाजता फटफटलं तेव्हा तिने दार उघडलं. पायरी कोरडी होती. खाली समुद्र, वर राखाडी आभाळ. कुठे काही नाही.

अकरा वाजता नेटवर्क आलं. उदयचे चौदा मिस्ड कॉल. आई गेली होती. काल रात्री, नऊ चाळीसला. आपल्याकडचे चार दहा. फेरी आणखी दोन दिवस बंद होती. उदय म्हणाला, थांबता येणार नाही, ताई. तिने व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं. नेटवर्क मधेच जायचं, चित्र गोठायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

मॅग्नस फेब्रुवारीत गेला. मग ती इथे आली. आपल्याकडे राहायची तेव्हा तिच्या खोलीचं दार कधी लागलेलं पाहिलंत? भर थंडीत सताड उघडं. मी एकदा म्हटलं, "अगं, तू वाचलीस. त्या म्हाताऱ्याने वाचवलं तुला."

ती म्हणाली, "काका, कशासाठी? ती बाहेर गारठली होती. मी हीटरजवळ होते. आईने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली."

श्रद्धा आता कुठे असते, काय करते, माहीत नाही. फोन लागत नाही.

पण इथून जायच्या आदल्या संध्याकाळी तिला उदयचा फोन आला होता. मी स्वयंपाकघरातच होतो, तिने स्पीकरवर टाकला. उदय आधी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "ताई, एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. आईला शेवटची अंघोळ घातली ना... अर्चना पाय धूत होती. बोटांच्या बेचक्यांत वाळू निघाली. पांढरी. ओली. शिंपल्यांचा चुरा होता त्यात."



नागपूरपासून पाचशे किलोमीटरच्या आत कुठे समुद्र नाही. आणि त्या बाईचे पाय ऑक्टोबरपासून जमिनीला लागले नव्हते.

"अर्चनाने दोनदा धुतले गं," उदय म्हणाला. "दुसऱ्या पाण्यालाही वाळू येतच होती."