एकाच बाईच्या हातची गाडी

त्या शनिवारी सकाळी मी आणि शैलेंद्र गाडी बघायला निघालो, ते अगदी भाजी आणायला निघावं तसे. माझ्या बायकोने, करुणाने, डब्यात पोहे दिले होते. आमच्या वेरिबी उपनगरात उन्हाळा कडक होता, आकाश पांढरं झालं होतं, आणि शैलेंद्र सगळा रस्ताभर डिझेल इंजिनांचं कौतुक सांगत होता. अशा दिवशी काही वाईट सुरू होईल असं कुणाला वाटेल?

गाडी माझ्यासाठी नव्हती. माझी मुलगी दीक्षा नुकतीच नर्स झाली होती आणि तिला ब्रोकन हिलच्याही पलीकडच्या एका लहान गावातल्या दवाखान्यात नोकरी लागली होती. तिकडचा रस्ता म्हणजे लाल माती, वाटेत कांगारू, फोनला रेंज नाही. अशा रस्त्यावरून एकट्या मुलीने जायचं तर गाडी दणकट हवी. शैलेंद्र म्हणाला, पंचवीस वर्षं उलटलेली जपानी डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह मागव, तशी आता कुणी बनवत नाही. तो पुण्याचा, इंजिनीअर, माझा जुना शेजारी. त्याचं मी ऐकलं.

गाड्या मागवून देणारा एजंट क्रेग. त्याच्या यार्डात बोटीवरून उतरलेल्या गाड्या तपासणीसाठी रांगेत उभ्या होत्या. आमची गडद हिरवी होती, चौकोनी, उंच.

"वन लेडी ओनर, मेट," क्रेग म्हणाला. "बर्फाच्या भागातली आहे, खालून थोडा गंज असेल. नो वरीज."

मी मागचं दार उघडून पाहिलं. मागच्या डाव्या सीटच्या बेल्टला एक छोटीशी रेशमी पुरचुंडी बांधलेली होती. तोंड दोऱ्याने घट्ट शिवलेलं, आत चपटं, लाकडासारखं काही तरी. क्रेगने पाठवलेल्या फोटोत दीक्षाने ती आधीच ओळखली होती. जपानात विहारातून प्रवासाच्या रक्षणासाठी आणतात म्हणे. आमच्याकडे परित्राण पाठानंतर भन्ते मनगटाला पांढरं सूत बांधतात, त्याची मला आठवण झाली. कुणी तरी कुणासाठी तरी मनापासून बांधलेली वस्तू. राहू दे, असं मी ठरवलं.

मी वळलो तर शैलेंद्र पुढे वाकून बंपरला लिंबू-मिरची बांधत होता.

"अरे, हे काय?"

"नजर लागते, किरण. एवढी देखणी गाडी!"

"काढ ते. माझ्या गाडीला मी असलं बांधत नाही, तुला माहितीये."

"तुझ्या गाडीला नाही रे, माझ्या पुतणीच्या गाडीला बांधतोय. तुम्ही बापलेक विज्ञानवादी, मान्य. लिंबू कुणाला चावतंय का?"

मी काढायला लावलं. तो हसत हसत खाली वाकला, खिशात काही घातल्यासारखं केलं आणि पोहे खायला बसला. प्रत्यक्षात त्याने ते बंपरच्या आत सरकवून ठेवलं होतं.

या देशाच्या सीमेवर मातीचं ढेकूळ चालत नाही, गवताचं बी चालत नाही. इंजिनातल्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे का तेही बघतात. तपासनिसाला बंपरमध्ये ताजं लिंबू आणि सात मिरच्या सापडल्या. मग काय! गाडी नापास. सगळ्या सीटा उपसून, कोपरा न् कोपरा वाफेने धुवायचा हुकूम झाला. गाडी आमच्या दारात आली तेव्हा आत कारखान्यातल्या फिनेलचा वास होता, आणि बेल्टवर पुरचुंडी नव्हती.

"वनस्पतिजन्य कचरा," क्रेग फोनवर म्हणाला. "जाळला असेल, मेट. तुमच्या फ्रूट सॅलडबरोबर."

शैलेंद्रला मी त्या दिवशी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

पहिल्याच दिवशी दीक्षाने किल्ली फिरवली आणि एक बाई बोलली. गोड, शांत, जपानी. मी दचकलो, दीक्षा हसली. तिने शाळेत बारावीपर्यंत जपानी केलं होतं.

"बाबा, रिलॅक्स! टोलचा डबा आहे तो. कार्ड घातलेलं नाही, एवढंच सांगतेय. प्रत्येक जपानी इम्पोर्टमध्ये असते ही बाई."

खरोखरच असते. मला मात्र तो आवाज नको होता. मी हॉस्पिटलात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, हे काम माझ्या हातचं. डॅशबोर्ड उघडला. डब्याच्या तारा आधीच कुणी तरी कापलेल्या होत्या. मी थोडा वेळ त्या कापलेल्या टोकांकडे बघत बसलो. मग डबा काढून गॅरेजच्या खणात टाकला. किल्ली काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारं एक उपकरण अशा गाड्यांत असतं, तेही काढलं. आता किल्ली काढली की इंजिन बंद व्हायलाच हवं.

पुढच्या आठवड्यात तीन गोष्टी माझ्या लक्षात आल्या, आणि तिन्ही मी स्वतःलाच समजावून सांगितल्या. मागच्या डाव्या सीटचा बेल्ट रोज सकाळी लावलेला सापडायचा. म्हटलं, धुताना खटका बिघडला असेल. बाहेर चाळीस डिग्री ऊन आणि मागच्या डाव्या काचेवर आतून वाफ. म्हटलं, फोममध्ये ओल राहिली असेल. ती वाफ काचेच्या अगदी खालच्या भागात असायची, वाटीएवढी. पाचेक वर्षांचं मूल सीटवर बसलं तर त्याचं तोंड जिथे येईल तिथे.

तिसरी गोष्ट वास. फिनेलच्या खालून फ्रीझरचं दार उघडल्यावर येतो तसा कोरा, गार वास.

रविवारी दुपारी आम्ही यू यांग्जच्या डोंगराकडे चक्कर मारायला निघालो. दीक्षा चालवत होती, मी शेजारी, शैलेंद्र मागे उजवीकडे. माझी माफी मागून मागून तो आता थट्टेवर आला होता.

"दीक्षा, आउटबॅकमध्ये गाडी बंद पडली तर काकाला फोन कर. मी लिंबू घेऊन येतो."

"काका, यू आर बॅन्ड फ्रॉम ऑल सिट्रस."

सगळे हसलो. सपाट रस्ता, दोन्हीकडे वाळलेलं पिवळं गवत, समोर डोंगराचे दगड. एसी बंद होता, तरी माझ्या मानेला मागून गार लागत होतं. आणि मग ती बाई बोलली.

डबा गॅरेजच्या खणात होता. आवाज मागून आला, शैलेंद्रच्या शेजारून. हळू, थकलेला. कार्डाबद्दलचं ते ठरावीक वाक्य नव्हतं.

दीक्षाचं हसू गेलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली... थोडंच राहिलंय. आता पोचूच आपण... झोपू नकोस."

"कुणाला?"

"बाबा, लहान मुलाशी बोलतात तसं बोलली."

मी मागे वळलो. शैलेंद्र मान टाकून झोपला होता. एवढा बडबड्या माणूस, वाक्याच्या मध्येच झोपावा तसा. त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावलेला होता आणि ताणलेला होता. रिकाम्या सीटवर बेल्ट असा ताणून राहत नाही.

"शैलेंद्र... ए शैल्या..."

माझीच जीभ जड झाली होती. डोकं दुखत होतं. शेजारी दीक्षाची हनुवटी हळूहळू खाली येत होती, आणि ओठांचा रंग मला आवडला नाही. काच खाली करायचं बटण दाबलं, काच हलली नाही. मी स्टीअरिंग धरून गाडी गवतात घातली, हँडब्रेक ओढून थांबवली आणि किल्ली उपसून काढली.

इंजिन चालूच राहिलं.

किल्ली माझ्या मुठीत, आणि ते जुनं डिझेल शांतपणे धडधडत होतं. मागून बाई पुन्हा तेच वाक्य बोलत होती, आता घाईने, आता रडवेली... मी दीक्षाला काखेत हात घालून बाहेर ओढलं. मग शैलेंद्रला. तो गवतावर पडून उलटी करत होता तेव्हा मागे इंजिन आपोआप थांबलं. मागची काच वाफेने पूर्ण पांढरी झाली होती.

उन्हात बसून दीक्षा म्हणाली, "बाबा, बर्फात अडकलेल्या गाड्यांबद्दल आम्हाला लेक्चर होतं. गाडी अडकते, बर्फ पडतच राहतो. गारठू नये म्हणून लोक इंजिन चालू ठेवतात. एग्झॉस्टचं तोंड बर्फाने बुजतं आणि गॅस आत येतो. दुखत वगैरे नाही काही. फक्त... झोप येते."

एकाच बाईच्या हातची गाडी. हे खोटं नव्हतं. तिच्याबरोबर कोण होतं तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी क्रेगच्या टेबलापुढे उभा राहिलो. मी आवाज चढवणारा माणूस नाही, पण त्या दिवशी यार्डातली माणसं काम सोडून बघायला आली.

"हिच्यात माणसं मेली आहेत. तुला माहीत होतं."

"मेट, बोटीवरून येणाऱ्या गाडीचा मला काय इतिहास माहीत असणार? एग्झॉस्टचं पॅकिंग गेलं असेल. बदलून देतो."

"माझी मुलगी हिच्यातून वाळवंटात एकटी जाणार होती!"

"आणि गेली नाही. मग झालं ना?"

तो हसला. टो करून आणलेली गाडी मी त्याच्या दारात सोडली आणि पैसे नकोत म्हणालो. अट एकच, माझ्यादेखत हिचा चेंदा कर. भंगारवाल्याची गाडी उद्या येईल, असं त्याने शब्द देऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर म्हणाला, पहाटेच घेऊन गेले. मी सरकारी कचेरीतही फोन केला. तिथली मुलगी फार सभ्यपणे बोलली. वाहनाने सीमेवरच्या सगळ्या अटी पूर्ण केल्या आहेत, सर. माती नाही, बी नाही, अ‍ॅस्बेस्टॉस नाही. त्यापलीकडे काही तपासायची तरतूद नाही. म्हणजे गवताचं एक कुसळ आत यायचं नाही, त्यासाठी एका आईने पोराच्या कुशीला बांधलेली पुरचुंडी जाळायची, आणि जे खरोखर आत येऊ द्यायचं नव्हतं त्याला फिनेल मारून, नंबरप्लेट लावून रस्त्यावर सोडायचं. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तक्रार नोंदवून घेते.

दीक्षाला आम्ही साधी नवी गाडी घेऊन दिली. ती सुखरूप पोचली. विषय संपला असता.

हिवाळ्यात एका दुपारी शैलेंद्रने फोटो पाठवला. सिडनीतल्या मराठी ग्रुपवर कुणी तरी टाकलेला. गडद हिरवी, चौकोनी, उंच. खाली लिहिलं होतं, 'आमची कॅम्पिंगची गाडी आली! वन लेडी ओनर!' मागच्या पायरीवरचा पोचा मी ओळखला. त्या हलकटाने ती राज्याबाहेर विकली होती.

फोटो टाकणारी नुपूर, राहणार केलीव्हिल. शैलेंद्रने ओळखीतून नंबर मिळवला आणि मी लगेच फोन लावला. ती गाडीतच होती, स्पीकरवर.

"हो काका, तीच गाडी! तुम्हीही घेणार होता? फार मस्त आहे हो. आमचा विहान पाच वर्षांचा, दुपारचा कधी झोपायचा नाही. आता मागच्या सीटवर बसला की पाच मिनिटांत ढिम्म. आत्ताही बघा..."

"नुपूर, गाडी थांबव."

"काय?"

"बाजूला घे आणि विहानला बाहेर काढ. आधी काढ, मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण तिने ऐकलं. टायर खडीवर घासले. दार उघडल्याचा आवाज, तिची धाप, तिच्या हाका. "विहान, ए सोन्या, ऊठ ना... ऊठ!" मग बराच वेळ काहीच नाही. मग खोकला, आणि लहान मुलाचं चिडकं रडणं.

"ममा, आय वॉज स्लीपिंग!"

मी फोनचा आवाज वाढवला.

"काका," ती रडत रागाने म्हणाली, "हे काय चाललंय? कोण आहात तुम्ही? विहान माझ्या कडेवर आहे, आम्ही रस्त्याकडेला उभे आहोत, किल्ली माझ्या हातात आहे आणि ही गाडी..."

पुढचं तिने सांगायची गरज नव्हती. फोनमधून मला ते जुनं डिझेल ऐकू येत होतं. शांत, एकसारखं.

"गाडीपासून लांब जा," मी म्हणालो. "आणखी कुणी आहे का तुमच्याबरोबर?"

"नाही. आम्ही दोघंच."

आणि तेव्हाच फोनमधून मागचं दार लागलेलं ऐकू आलं. वाऱ्याने आपटतं तसं नाही. आत झोपलेल्या मुलाला जाग येऊ नये म्हणून लावतात तसं, हळूच, शेवटी हाताने दाबून.