काहीच न करणारी पिशवी

अकरा महिने टाकीवरच्या मीटरवर ७.४ हा आकडा होता. गेल्या आठवड्यात तो ७.३ झाला, मग ७.२, पण तेवढ्याने काही बिघडत नाही, हे रेवाला माहीत होतं. बुधवारी सकाळी ती वही घेऊन टाकीपाशी आली, तेव्हा मीटरवर ५.९ होतं.

तिने मीटरला टिचकी मारून पाहिली. आकडा तोच राहिला. मग तिने टाकीत डोकावून पाहिलं. रोहूची पिल्लं एरवी तिची सावली पडताच खाण्यासाठी धावून यायची. आज ती पाण्याच्या वरच्या थरात तोंडं वर करून कशीबशी तरंगत होती. खाणं टाकलं, तरी एकही पिल्लू हललं नाही.

ही टाकी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, सावलीकाठ नावाच्या वस्तीत होती. तिथल्या खोल विवरांत ऊन कधीच पोहोचत नाही, त्यामुळे त्यांत बर्फ टिकून आहे. त्याच बर्फाचं पाणी करून दोन हजार लिटरची ही टाकी भरली होती. पृथ्वीवरून आणलेल्या अंड्यांतून तिच्यात तीनशे बारा पिल्लं जन्मली होती. माशांची अंडी घेऊन येणारं पुढचं यान दोन वर्षांनी येणार होतं. तोवर हीच पिल्लं जगवायची होती, आणि या महिन्यात ते काम बारा वर्षांच्या रेवा तांडेलकडे होतं. तिची आजी, डॉ. शालन तांडेल, यांनी ते तिच्यावर विश्वासाने सोपवलं होतं.

टिपणीस मागे येऊन उभा राहिला. तो वस्तीतल्या नोंदी ठेवणारा यंत्रमानव. दिसेल ते टिपून ठेवतो, म्हणून रेवाच्या बाबांनी त्याला हे आडनाव दिलं होतं. त्याने सांगितलं की पाण्याचा सामू (पाणी किती आम्लधर्मी आहे ते दाखवणारा आकडा, सातच्या जितकं खाली, तितकं आम्ल जास्त) फार उतरला आहे, आणि असाच राहिला तर पिल्लं संध्याकाळ पाहणार नाहीत.

“पण आपण काहीच केलं नाही,” रेवा म्हणाली.

“केलं,” टिपणीस म्हणाला. “अकरा दिवसांपूर्वी, शनिवारी, पिशवी काढली.”

रेवाने वहीची पानं मागे उलटून तो शनिवार शोधला.

सावलीकाठला पृथ्वीवरून येणारी प्रत्येक वस्तू मोजूनमापून येते. त्यामुळे तिथे विनाकामाचं काहीही ठेवत नाहीत. दर शनिवारी प्रत्येक खोलीने बिनकामाची एक तरी वस्तू शोधून छाननीघरात द्यायची. तिथे ती दळून तिच्यापासून नवीन काहीतरी करतात. याला सगळे ‘हलका शनिवार’ म्हणत. त्या शनिवारी रेवाला देण्यासारखं काही सापडेना. तेवढ्यात टाकीच्या गाळणीत बुडवलेली एक जाळीची पिशवी तिला दिसली. आत शिंपल्यांचा जाडसर चुरा होता आणि बाहेरच्या चिठ्ठीवर आजीच्या अक्षरात एकच शब्द होता : बफर.

तिने टिपणीसला अर्थ विचारला होता. त्याने एका दमात पाच अर्थ सांगितले, रेल्वेतला, संगणकातला, जंगलातला, धान्याच्या कोठारातला आणि रसायनशास्त्रातला. पाचवा तो सांगत होता तोवर रेवा पहिला विसरली होती. मग दोघांनी नोंदी तपासल्या. अकरा महिन्यांत मीटरवर काहीही बदललं नव्हतं. म्हणजे पिशवी काहीच करत नव्हती. टिपणीसने तसा शेरा लिहिला, आणि रेवाने पिशवी छाननीघरात देऊन टाकली. त्यानंतर नऊ दिवस सगळं ठीक चाललं, त्यामुळे आपलं बरोबरच होतं याची तिला खात्री पटली.

आता आजीला सांगावं लागणार होतं. बर्फाच्या प्रयोगशाळेपर्यंतचा बोगदा तिला त्या दिवशी फार लांब वाटला. तिने दारातच उभं राहून सगळं सांगितलं, शेवटपर्यंत, आणि मग मान खाली घातली.

आजीने क्षणभर डोळे मिटले. मग विचारलं, “टिपणीस, स्वयंपाकघरात खाण्याचा सोडा किती आहे?”

“साडेचारशे ग्रॅम, डॉक्टर. पण तो रविवारच्या ढोकळ्यासाठी राखून ठेवला आहे.”

“या रविवारी ढोकळा नाही,” आजी म्हणाली आणि चालू लागली.

टाकीपाशी आल्यावर तिने पंचवीस ग्रॅम सोडा बादलीभर पाण्यात विरघळवून हळूहळू टाकीत सोडला. रेवाला वाटलं, सगळाच एकदम टाकावा. आजीने नाही म्हटलं. आम्लाने दमलेल्या माशांना एकदम उलटा झटका बसला, तर तोही त्यांना सोसणार नाही. दर अर्ध्या तासाला एक बादली, एवढंच. मध्ये वाट पाहायची.

“नऊ दिवस काही झालं नाही, आणि मग एका रात्रीत कसं झालं?” रेवाने विचारलं. सकाळपासून हेच तिला छळत होतं.

आजीने दोन पेले घेतले आणि दोन्हींत शुद्ध पाणी ओतलं. एकात बडीशेपेच्या दाण्याएवढा सोडा टाकून ढवळला, दुसरा तसाच ठेवला. मग रेवाच्या हातात व्हिनेगरची नळी दिली आणि थेंब मोजायला सांगितलं. साध्या पाण्यात एक थेंब पडताच सामू सातवरून थेट चारच्या जवळ आला. सोड्याच्या पाण्यात एक, दोन, तीन, चार थेंब पडले. आकडा थोडासाच सरकला. आठ थेंब झाले, दहा झाले, तरी फार फरक नाही. तेराव्या थेंबाला मात्र तो घसरू लागला आणि पंधराव्याला सहाच्याही खाली गेला.

रेवा नळी हातात धरून तशीच उभी राहिली. “सोडा संपला,” ती हळूच म्हणाली.

आजीने मान डोलावली. टाकीत रोज हेच चालतं, असं तिने सांगितलं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया बनतो. गाळणीतले सूक्ष्मजीव त्याचं रूपांतर कमी घातक पदार्थात करतात, पण ते करताना आम्ल तयार होतं. दिवसाला थोडंसंच, पण रोज. शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचे (खडूही याच पदार्थाचा असतो) असतात. ते पाण्यात किंचित किंचित विरघळतात, आणि विरघळलेला भाग आलेलं आम्ल शोषून घेतो. पिशवी काढली तेव्हा पाण्यात आधी विरघळलेला साठा शिल्लक होता. नऊ दिवस त्याने निभावलं. दहाव्या दिवशी तो संपत आला, आणि मग पेल्यातल्या तेराव्या थेंबासारखं झालं.

दुसरी बादली ओतून झाली. मीटरवर ६.१ आलं.

“टिपणीस, तिला त्या दिवशी सांगितलेले अर्थ परत सांग,” आजी म्हणाली. “या वेळी सावकाश. आणि रेवा, तू ऐकताना फक्त एक बघ, या सगळ्यांत सारखं काय आहे.”

टिपणीसने एकेक अर्थ सांगितला. रेल्वेच्या डब्यांच्या टोकांना लोखंडी दांडे आणि त्यांमागे स्प्रिंग असतात. डबे एकमेकांवर आदळले की स्प्रिंग दबते. त्यांना बफर म्हणतात. पृथ्वीवरून आलेला चित्रपट पाहताना संगणक पुढची काही मिनिटं आधीच साठवून ठेवतो, मध्ये संदेश तुटला तरी चित्र थांबत नाही. तो साठाही बफर. वाघांच्या राखीव जंगलाभोवती एक पट्टा सोडतात, त्यात थोडी माणसं, थोडी गुरं, थोडं जंगल. गावाचा त्रास वाघाला आणि वाघाचा गावाला थेट पोहोचत नाही. ते बफर क्षेत्र. चांगल्या वर्षी सरकार जादा धान्य कोठारात ठेवतं आणि दुष्काळात बाहेर काढतं. तो बफर साठा. आणि रसायनशास्त्रात, आम्ल टाकलं तरी ज्याचा सामू सहज हलत नाही असं द्रावण. “माझ्याकडे हे पाच वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत,” तो म्हणाला. “एकत्र कधी काढायला कोणी सांगितलं नव्हतं.”

तिसरी बादली रेवानेच ओतली.

“प्रत्येक ठिकाणी मध्ये काहीतरी आहे,” ती शेवटी म्हणाली. “धक्का आधी त्याला लागतो.”

“मग पलीकडे बसलेल्याला काय दिसतं?”

“काहीच नाही.” आणि हे म्हणताना तिला आपली चूक दिसली. “म्हणून आम्हाला वाटलं, पिशवी काही करत नाही. ती करत होती म्हणूनच मीटरवर काही दिसत नव्हतं.”

“तुझ्या रक्तातही हे चालू आहे,” आजी म्हणाली. “खोलीभर धावून आलीस की आम्ल वाढतं. तुला कळतसुद्धा नाही.”

दुपारी आकडा ६.७ वर आला आणि दोनतीन पिल्लं सावरून पोहत खाली गेली. पण सोड्यावर टाकी कायमची चालणार नव्हती. ती पिशवी आजीने वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून, स्वतः वेचलेल्या शिंपल्यांनी भरून आणली होती. ती आता दळली गेली असेल, या विचाराने रेवाला रडू येत होतं. तरीही ती छाननीघरात गेली.

छाननीघर गावितमावशी सांभाळायच्या. त्या मूळच्या नंदुरबारकडच्या. रेवाचं बोलणं पुरतं ऐकून न घेताच त्यांनी मागच्या फळीकडे बोट दाखवलं. पिशवी तिथे होती, चिठ्ठीसकट.

“समुद्राचा वास येत होता,” त्या म्हणाल्या. “तेव्हाच म्हटलं, हे कोणीतरी परत मागायला येणार. मी पंधरा दिवस काही दळत नाही. लोक शनिवारी उत्साहाने आणून देतात आणि पुढच्या बुधवारी तोंड पाडून येतात. तू जरा उशीर केलास.”

रेवाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती हसत होती. “मावशी, तुमची फळी म्हणजे बफरच आहे.”

“फळी आहे ती. पत्र्याची,” मावशी म्हणाल्या. “उचल पिशवी.”

पिशवी न्यायच्या आधी टिपणीसने ती तोलून पाहिली. रेवाने वजन किती म्हणून विचारलं, तर त्याने आधी ‘वस्तुमान’ अशी दुरुस्ती केली, कारण चंद्रावर वजन सहापटीने कमी भरतं. पृथ्वीवरून निघताना पिशवीत नऊ किलो शिंपले होते. आता पाच किलो. टिपणीसने आपला जुना शेरा खोडला आणि लिहिलं : अकरा महिन्यांत चार किलो शिंपले कामी आले.

गुरुवारी सकाळी मीटरवर ७.१ होतं. रेवाची सावली पाण्यावर पडली आणि पिल्लं धावत आली. तिने ती नीट मोजली. तीनशे बारा. मग तिथेच टाकीला टेकून ती जमिनीवर बसली आणि मोठा श्वास सोडला.

चार किलोंची भरपाई कशाने करायची, हे आजीने तिच्यावरच सोपवलं. त्या दुपारपासून वस्तीतल्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी एक डबा दिसू लागला. अंड्यांची टरफलंही शिंपल्यांसारखीच कॅल्शियम कार्बोनेटची असतात, हे तिने पुस्तकात शोधून काढलं होतं. आजी म्हणाली, हे जमलं, तर पुढच्या वर्षीच्या मोठ्या टाकीसाठी वेंगुर्ल्याला जायला नको.

शनिवारी रेवा वस्तीभर फिरली. छतावरची जाड माती, बाहेर जाण्याच्या दोन दारांमधली मोकळी हवाबंद खोली, भिंतीतला जादा हवेचा नळ. प्रत्येकापाशी ती थांबली आणि टिपणीसला विचारलं, हे नसतं तर मीटरवर काय दिसलं असतं? तिसऱ्या प्रश्नानंतर त्याने वहीत एक नवा रकाना आखला.

त्या शनिवारी त्यांच्या खोलीने फक्त एक तुटकी पेन्सिल दिली. गावितमावशींनी तीही पंधरा दिवसांसाठी फळीवर ठेवली.