मास्क संपले म्हणालीस ना?

मास्कची सक्ती उठून काही आठवडे झाले होते आणि मुलांच्या तातडीच्या विभागात बसायला जागा नव्हती. जिकडे पाहावं तिकडे खोकणारी मुलं. ती भिंतीला टेकून उभी होती. कडेवर बहिणीचा साडेतीन वर्षांचा मुलगा, टिंगू. एरवी क्षणभर गप्प न बसणारा टिंगू सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता.

समोरून एक नर्स दुसऱ्याच कुणाची फाइल घेऊन घाईने गेला... आणि दोन पावलं मागे आला.

"याचा शर्ट वर करा जरा."

तिने केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती.

"रांग राहू द्या. चला माझ्याबरोबर."

आत पलंगावर बसवून त्याने औषधाच्या वाफेचा मास्क पुढे केला, तसं टिंगूने तोंड फिरवलं. दम लागत असतानाही तो ठासून म्हणाला, "मास्क... संपले. मावशी म्हणाली."

नर्सने तिच्याकडे पाहिलं.

"सक्ती उठली त्या दिवशी मी टिंगूला प्रॉमिस केलं," ती म्हणाली. "आता कधीच लावायचा नाही म्हणून..." तिचे डोळे भरले.

"रडू नका हं. तुम्ही रडलात की तो रडणार, आणि तो रडला की श्वास आणखी चढणार." त्याने खणातून आणखी दोन मास्क काढले. एक स्वतःला लावला, एक तिच्या हातात दिला. "टिंगूशेठ, सांगा बघू, भुतासारखं कोण दिसतंय?"

टिंगूने दोघांना नीट निरखलं. "मावशी."

"मला नाही तसं वाटत," नर्स प्लॅस्टिकच्या आतून म्हणाला.

"निम्मा चेहरा झाकल्यावर कुणीही बरं दिसतं," ती म्हणाली.

"मघाशी अख्खा पाहिलाय की!"

तिचे कान तापले. तेवढ्यात टिंगूने हात पुढे केला. "मला पण."

वाफ सुरू झाली. तिने ताईला फोन केला. ताई कामासाठी परगावी गेली होती, आता तिथून निघाली होती. "तरी मी म्हणत होते, अजून थोडे दिवस राहू दे मास्क..." ताई म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने नर्सला विचारलं, "माझ्यामुळे झालं का हे?"

"नक्की कशामुळे ते मी सांगू शकत नाही," तो म्हणाला. "पण बाहेर बसलेल्या प्रत्येक आईला वाटतंय की चूक तिचीच. सगळ्याच कशा चुकतील?" मग तिच्या बाहीकडे बोट दाखवलं. "हे गुलाबी काय लागलंय?"

"आयसिंग. मी बेकरीत केक सजवते. तशीच धावत आले."

त्यानंतर तो सारखा येत राहिला.

"आत्ताच तर श्वास मोजलेत," एकदा ती म्हणाली.

"माझं गणित कच्चं आहे."

पुढच्या वेळी मात्र मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा उतरला होता. तो टिंगूशी बडबडत सुटला — मशीन कसं घोरतं, डॉक्टर कसे बदकासारखे चालतात... पण हात भराभर चालले होते. डॉक्टर धावत आले. ऑक्सिजन लागला, वाफेचा दुसरा डोस लागला. ती पलंगाची कड धरून उभी राहिली.

आकडा चढला. डॉक्टर गेले.

"एवढं चाललं होतं आणि तुम्हाला विनोद सुचत होते?" ती चिडूनच म्हणाली.

"घाबरलो की सुचतात," तो हळूच म्हणाला. "वाईट खोड आहे."

मग ती मशीनकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त पाहू लागली. त्याचे विनोद कमी होत गेले. तो गप्प राहिला की तिला बरं वाटायचं.

संध्याकाळी ताई आली. चपलांसकट पलंगावर चढून तिने लेकाला कुशीत घेतलं.

"ताई, मी..."

"गप्प बस. काही खाल्लंस का?"

आता मात्र तिला रडू आवरेना. ती बाहेर आली. काचेच्या दारापाशी तो उभा होता, ड्युटी संपवून, जॅकेट घालून.

"तुमच्या बेकरीत नर्सलोकांना काही सवलत वगैरे?"

ती जागीच थिजली. "का? काय झालं? पुन्हा आकडा उतरला?"

"अहो, नाही! बरा आहे तो. उद्या घरीसुद्धा सोडतील."

"मग विनोद कशाला करताय?"

त्याने जॅकेटची चेन वर नेली, खाली आणली. "उद्या घरी सोडतील... म्हणूनच."

तिला समजायला एक क्षण लागला. मग ती म्हणाली, "विनोद न करता विचारा."

"परत भेटाल? म्हणजे... इथे नको. बाहेर कुठेतरी."

आतून खोकल्याचा आवाज आला. दोघंही एकदम काचेकडे वळले. ताईच्या कुशीत टिंगू झोपला होता. त्याची उघडी छाती वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली. आपण नर्सच्या जॅकेटची बाही घट्ट धरली आहे, हे तिच्या लक्षात आलं. तिने ती सोडली नाही.

"भेटेन," नजर न हलवता ती म्हणाली. "पण आत्ता जाऊ नका. अजून एकदा मोजा ना."