डोक्याची गोळी

हे तुम्हाला पटणार नाही. पटलं, तर मला थापाड्या आप्पा कोण म्हणेल? पण ज्या मेडिकलमध्ये हे घडलं, त्याच्याच बाकड्यावर बसून सांगतोय.

पाटोद्याचा बाजार. केदारनाथच्या दुकानात ही गर्दी. एक पोरगी आली, डॉक्टरांची चिठ्ठी मुठीत दाबून हळूच म्हणाली, "डोक्याची गोळी द्या." ह्या पठ्ठ्यानं डोकेदुखीची दिली. बिचारी तशीच घेऊन गेली... अन् गर्दी ओसरल्यावर परत आली.

"डोकं दुखत न्हाई माझं," ती म्हणाली. "मन खचतं... त्याची लिहून दिलीय."

केदारनाथनं चिठ्ठी वाचली. नाव वाचलं, प्रणिता, अन् पुन्हा वाचलं. "मग नीट सांगायचं की. मी उगं डोकं उठवलं तुमचं."

ती हसली. वीज गेलेली होती, तरी दुकानातला पंखा फिरला. मी डोळ्यानं पाहिला.

पुढं तो दर वेळी एकच पाकीट देई. माल संपलाय म्हणे. मागं थप्पी दिसतीय ती कशाची, तिनं विचारलं.

"ती... तुमी लवकर परत यावं म्हणून लपवलीय."

"लपवायला तरी शिका," ती म्हणाली. पण गोळ्या संपायच्या आधीच आली.

लग्नाचं निघालं तेव्हा अडलं. केदारनाथची आई, महादेवीकाकू, पोरीला जीव लावून होती. पण म्हणाली, आता गोळ्या बंद कर, संसाराला लागलीस की मन आपोआप रमतं. प्रणितानं मागं एकदा मनानंच बंद केल्या होत्या; मग कित्येक दिवस वेणीसुद्धा घातली नव्हती. चहाचा कप खाली ठेवून तिनं केदारनाथलाच विचारलं, "डॉक्टर सांगतील तवर गोळी सुटणार न्हाई. गोळीसकट मी चालेन का?"

आता पोरगा उठला. असं भाषण ठोकलं म्हणता... बीपीची गोळी चालते, शुगरची चालते, मग मनाची कावून न्हाई? आवाज असा, की तेलगावच्या उसातली डुकरं पार गेवराईपर्यंत पळाली. काकूंच्या डोळ्यांना धार लागली, अन्—

"आप्पा, खोटं," काउंटरमागून प्रणिता म्हणाली. "हे एक शब्द बोलले न्हाईत. माझी गोळीची वेळ झालती. आत गेले, पाण्याचा तांब्या आणला, अन् सासूबाईंच्या देखत माझ्या हातात दिला."