दोनशे पानं आणि एक वेलांटी

"भंगार मागच्या दाराने!"

सीपीयू पोटाशी धरून मी दुरुस्तीच्या दुकानात शिरतेय आणि आतून हे स्वागत. बोलणाऱ्याच्या कानावर पेन्सिलीसारखा स्क्रूड्रायव्हर खोचलेला. डोळे मात्र... बरे होते.

"भंगार नाही, पोटापाण्याचं साधन आहे माझं. अकरा वर्षं याच्यावर लोकांची पुस्तकं टाइप करतेय."

त्याने झाकण उघडून फुंकर मारली. धुळीने दोघंही एकदमच शिंकलो.

"मेमरी वाढवली, डिस्क बदलली, तरी दोन वर्षांत पुन्हा इथेच याल. पैसे पाण्यात. नवाच घ्या."

"नव्यावर माझं जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर चालत नाही. आणि काय हो, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवता?"

"खोटं बोलून विकत नाही मी."

दोन ताठ माना समोरासमोर. माझी जास्त ताठ, म्हणून डिस्क बदलायची ठरली.

शनिवारी तो स्वतः जोडायला घरी आला. पूर्वी कॉम्प्युटर सुरू होईतो माझी अंघोळ उरकायची. आज डोळा लवतो न लवतो तोच पडदा उजळला. आणि टायपिंगला आलेल्या एका गुरुजींच्या व्याकरणाच्या पुस्तकाची दोनशे पानं... नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमिड! सोमवारी छपाईला द्यायची होती.

"चूक माझी," तो लगेच म्हणाला. "फायली घेतल्या, मराठी अक्षरांचा फाँट जुन्या डिस्कवरच राहिला. ती डिस्क पिशवीतच आहे. आत्ता त्यावरून घेतो."

सबब नाही, सारवासारव नाही. हे मला फार आवडलं.

"गेले ना पैसे?" आई आतून ओरडली. तिला गप्प करून परतले, तर हा माझ्या कीबोर्डवर चिकटवलेली अक्षरं शोधत, एका बोटाने शेवटच्या पानाखाली काहीतरी बडवतोय.

"काय चाललंय?"

"बटणं... तपासतोय."

"काय लिहिलंत?"

"छे! या गिचमिडीत ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

मला कळत होतं. कुठलं बटण म्हणजे कुठलं अक्षर, हे अकरा वर्षांत बोटांना पाठ झालंय. ओळ वाचली, आणि साळसूदपणे म्हटलं, "टाका आता फाँट."

फाँट बसला. पानामागून पान मराठी झालं, आणि सगळ्यात खाली त्याची ओळही —

‘हि हसली की माझे स्क्रू हरवतात.’

आपलीही ओळ मराठीत दिसणार, हे साहेब विसरलेच होते! कान लालबुंद.

"खोडतो —"

मी त्याचा हात धरला. "जुन्यावरचा खर्च वाया जात नाही, कळलं? पण व्याकरणाच्या पुस्तकात ‘ही’ला पहिली वेलांटी?"

"मग... काय करू?"

"दुसरी द्या," मी मान आणखी ताठ करून म्हणाले. "आणि तेवढीच ओळ छापा. एकच प्रत... माझ्यासाठी."