खिडकीसमोरची व्हॅन

या, असे जवळ या. मागे बसलेल्यांनीही थोडं पुढे सरका. ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही.

घडलेली आहे. माझ्या सख्ख्या आत्याच्या दारात घडली. देवापुढे हात जोडताना जिचे ओठ कापतात, ती बाई उगाच भुतंखेतं कशाला उभी करेल? आणि जे उरलंय ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तुम्हाला वाटत असेल, काळोखी रात्र असेल.

नाही. भर उन्हाळ्यातली दुपार होती. लख्ख ऊन, उघडा रस्ता, आणि...

पण आधी आत्याबद्दल सांगतो.

आत्या शिवणकाम करते. गल्लीत सगळे तिला टेलरताई म्हणतात. तळमजल्याचं घर, रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत एकच खिडकी आणि त्या खिडकीला चिकटून मशीन. वकिलांचे काळे कोट दुरुस्तीला येतात तिच्याकडे. काळ्या कापडावर काळा दोरा. बल्बच्या उजेडात ते टाके दिसत नाहीत, ज्यानं केलंय त्यालाच कळेल. त्यात तिचे डोळे अधू व्हायला लागलेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, बारीक काम करायचं तर दिवसाच्या उजेडात करा, नाहीतर सोडून द्या. सोडून काय खायचं, ते काही डॉक्टरांनी सांगितलं नाही. एकट्या बाईला दुसरा आधार नव्हता.

म्हणजे ती खिडकी हीच तिची भाकरी.

आणि त्या खिडकीसमोर शेजाऱ्यांची व्हॅन उभी.

शेजारी म्हणजे ड्रायव्हरकाका. आयुष्यभर लोकांना इकडून तिकडे पोचवून थकलेला माणूस. घरात मुलगा, सून, नातवंडं. मुलाच्या दोन गाड्या स्वतःच्या दारासमोर, मग काकांच्या जुन्या व्हॅनला जागा उरली ती आत्याच्या खिडकीपुढे. उंच, बंद पाठीची व्हॅन. टायर बसलेले, बॅटरी मेलेली. वर्षानुवर्षं एका जागी.

आत्यानं आधी गोडीत सांगून पाहिलं. मग टोमणे मारून पाहिलं. काका, गाडीला आता पालवी फुटेल, पाणी घालू का, असं ती खिडकीतून म्हणायची. काका हसायचे. गाडी आहे ताई, खांब नाही, हलेल की, म्हणायचे. आज काढतो, उद्या काढतो.

एकदा काकांनीच तिला व्हॅनसाठी कव्हर शिवायला सांगितलं. आत्यानं अट घातली. कव्हर शिवते, पण गाडी पुढे सरकवायची. काकांनी मान डोलावली.

मग तिनं टेप घेऊन व्हॅनभोवती फेरी मारली, एखाद्या जाड्या गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं माप घेतलं. जाड राखाडी कापड, खाली नाडी, नाडीला चुण्या. ड्रायव्हरच्या दाराशी काकांनी मुद्दाम चेन लावून घेतली, उभी, वरून खाली. कशाला, हे आत्यानं विचारलं नाही. चेन गुडघ्याजवळ जरा अडकायची. कव्हर मात्र असं बसलं की गल्लीतली माणसं थांबून बघायची.

व्हॅन हलली नाही.

उलट कव्हरामुळे ती आणखी फुगली. उरलासुरला उजेडही गेला. दुपारी जेवणं झाली की चेनचा आवाज यायचा. चर्रर्र... मध्येच अडखळायचा... मग पुन्हा चर्रर्र. काका आत जाऊन बसायचे. म्हाताऱ्याचा चाळा, आत्या मनात म्हणायची, आणि सुईत दोरा ओवता ओवता तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

शेवटी तिनं नगरपालिकेत तक्रार केली.

चूक तिची होती असं मी म्हणणार नाही. कायद्यानं बरोबरच होती ती.

एके सकाळी नगरपालिकेचा माणूस आला. मुलाच्या दोन्ही गाड्यांच्या काचेवर त्यानं नोटीस चिकटवली. गाड्या हलवा, नाहीतर उचलून नेऊ. मग व्हॅनचं कव्हर मागून वर सारून मागच्या दारावर तिसरी नोटीस लावली, आणि कव्हर तसंच अर्धवट लोंबत ठेवून निघून गेला.

आत्या खिडकीतून बघत होती. स्वतःच्या हातचं कापड असं वाकडंतिकडं लोंबलेलं तिला बघवेना. ती बाहेर गेली. कव्हर खाली ओढलं, चुण्या सारख्या केल्या, नाडी नीट बांधली.

आणि नोटीस झाकली गेली.

ते तिच्या ध्यानात आलं नाही, की आलं आणि तरी ती आत येऊन मशीनवर बसली... हे तिनं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मुलानं आपल्या गाड्यांवरच्या नोटिसा पाहिल्या. गुपचूप दोन्ही गाड्या कुठेतरी हलवल्या. बापाशी अक्षरही बोलला नाही. विसरला असेल असं म्हणायला मला आवडलं असतं.

मग क्रेन आली. काका नातवाला शाळेत सोडायला गेले होते. व्हॅन कव्हरासकट उचलली, नेली.

आणि आत्याच्या खोलीत उजेड शिरला.

किती वर्षांनी. भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा दिसला, बॉबिनवरची धूळ दिसली. सुईत दोरा पहिल्याच खेपेला गेला. ती कोट मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली.

काका परत आले. रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिले. आरडाओरडा नाही, काही नाही. खिडकीशी येऊन त्यांनी विचारलं, कुणी नेली, पाहिलं का?

"मी कामात होते, काका. नाही पाहिलं."

"बरं."

जायला वळले आणि थांबले.

"आता दुपारी मी कुठं बसू, ताई?"

आत्याला कळेना. "घर आहे की तुमचं एवढं मोठं."

काकांनी घराकडे पाहिलं. परक्याच्या घराकडे बघावं तसं.

इतकी वर्षं उघड्या दारातून दिसत होतं, ते तेव्हा तिला उमगलं. त्यांची खोली नातवंडांच्या अभ्यासाला गेली होती. खाट बोळात, चपलांच्या रॅकला लागून. सुनेच्या जाताना येताना ती आड यायची, म्हणून दुपारी उभी करून ठेवायची. आपल्या हातानं दार लावून घ्यावं अशी एकच जागा त्या माणसाला उरली होती, आणि तिला चाकं होती.

काकांनी नगरपालिकेत खेटे घातले. तिथे त्यांना विचारलं, नोटीस लावली होती, तुम्ही वाचली का नाही? ते म्हणाले, कुठली नोटीस?

त्यानंतर जेवण झालं की ते बाहेर यायचे आणि व्हॅनची सीट जिथे असायची, बरोब्बर तिथे उभे राहायचे. डोक्यावर ऊन. आत्या आत बोलवायची. नको ताई, तुमचा उजेड अडेल, म्हणायचे.

आत्या मग खिडकीकडे पाठ करून जेवायची.

एका दुपारी ते तिथेच खाली बसले. मान छातीवर. आत्याला वाटलं, डुलकी लागली. तिनं हातातलं काज पुरं केलं. दोरा तोडला. मग पुन्हा वर पाहिलं...

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.

काकांना स्मशानात नेलं. दुसऱ्या दिवशी आत्या मशीनवर बसली. दुपार झाली.

आणि खोलीत अंधार आला.

तिला वाटलं, ढग आला. मग वाटलं, डोळे गेले. चष्मा पुसला, काच पुसली. बाहेर जाऊन पाहिलं तर रस्त्यावर ऊन नुसतं तापत होतं. समोर काही नाही. मोकळा रस्ता, तेलाचा डाग.

आत आली... अंधार.

भिंतीवर सावली पडली होती. उंच, बंद पाठीची. खालची कड सरळ नव्हती, चुण्या होत्या तिला. एका ठिकाणी चुण्या जरा जास्त दाटलेल्या. तिथे कापड पुरेना म्हणून आत्यानंच ओढून घेतल्या होत्या त्या. हजार कापडांत तिनं आपली शिवण ओळखली असती.

मग आवाज आला.

चर्रर्र...

थांबला.

गुडघ्याजवळ.

...चर्रर्र.

दार लागल्याचा आवाज. त्यानंतर काही नाही. आत कुणीतरी बसल्यावर जी शांतता होते, ती.

आत्या देवाचं नाव घेत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. भटकं कुत्रं रस्त्यानं सरळ यायचं, त्या जागेशी आलं की वळसा घालायचं. पाऊस पडला तेव्हा सगळा रस्ता भिजला आणि मध्ये एक तुकडा कोरडा राहिला. व्हॅनएवढा.

मी ऐकून हसलो होतो, खरं सांगतो. मग गेलो एकदा. दुपारी मशीनपाशी बसलो. खिडकीतून हात बाहेर काढला. बाहेर ऊन दिसत होतं, रस्ता डोळे दिपवत होता.

हाताला ऊन लागलं नाही.

जरा पुढे नेला. काही लागलं नाही हाताला. पण बोटं गार पडली. आणि मला स्पष्ट वाटलं की पलीकडून कुणीतरी माझ्या हाताकडे बघतंय... जरा संकोचून. आपल्यामुळे कुणाची तरी अडचण होतेय अशा माणसासारखं.

मी हात आत घेतला.

आत्या नगरपालिकेच्या आवारात जाऊन आली, व्हॅन परत मिळते का बघायला. ती केव्हाच भंगारात गेली होती. कव्हर तेवढं कुंपणाला अडकून होतं, फाटलेलं. तिनं ते आणलं नाही.

थोड्या दिवसांनी जागा मोकळी आहे म्हणून मुलानं आपली गाडी तिथे लावली. सकाळी लावली आणि दुपारी काढली. काढताना गाडीचं दार लावायचंही त्याला भान नव्हतं. तुमच्या खिडकीचा उजेड अडतो ना टेलरताई, म्हणून काढतो, असं म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला तिच्या उजेडाची आठवण झाली. पुढे त्यानं घरच विकलं.

वकिलांचे कोट आता दुसरीकडे जातात. आत्या उशांचे अभ्रे शिवते, पिशव्या शिवते. जाड टाका, न बघताही पडतो. मी म्हटलं, मशीन मागच्या खोलीत ने. घर बदल. तिनं ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

मागच्या महिन्यात शेजारी नवे बिऱ्हाडकरू आले. नवी कोरी गाडी. त्या गृहस्थानं सभ्यपणे खिडकीशी येऊन विचारलं, "ताई, ही जागा मोकळी आहे ना? इथं कुणाची गाडी असते का?"

मी तिथेच होतो. दुपार व्हायला आली होती. आत्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ती सावली चढत होती.

खिडकीपुढे गाडी नको, एवढ्याचसाठी ती नगरपालिकेची पायरी चढली होती. माझा उजेड अडतो, एवढं म्हणाली असती तरी पुरलं असतं...

"असते," आत्या म्हणाली. "शेजारच्या काकांची आहे. तुम्ही पुढं लावा."

ते गृहस्थ रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. मग तिच्याकडे. मग गाडी पुढे घेऊन गेले.

तिथे काय आहे, का आहे, कधी जाणार, मला माहीत नाही. माझी बोटं अजून कधीकधी भर उन्हात गार पडतात.

तुमच्याकडे एकच मागणं. दुपारी जेवणं आटोपतील, आपल्या खोलीचं दार लोटून तुम्ही आडवे व्हाल. तेव्हा डोळा लागण्याआधी त्या ड्रायव्हरकाकांची एकदा आठवण काढा.